मन चाकोरीत घसरतं तो क्षण: नैराश्य परतू नये म्हणून सजगतेचा उपचार

भर बाजारात रस्त्यापलीकडे ओळखीचं माणूस दिसतं. तुम्ही हात हलवता. ते बघत नाही, तसंच पुढे निघून जातं.

डोळे मिटून हा प्रसंग मनात आणा आणि पुढच्या पाच सेकंदांत काय काय होतं ते बघा. कुणाच्या मनात येतं, 'घाईत असेल.' कुणाच्या मनात येतं, 'चष्मा विसरला वाटतं.' आणि कुणाच्या मनात येतं, 'मुद्दाम टाळलं. माझंच काहीतरी चुकलं असणार. मी कुणालाच नको आहे.' प्रसंग तोच, हलवलेला हात तोच. पण या तिसऱ्या माणसाचे खांदे तेवढ्यात उतरतात, पोटात खड्डा पडतो, आणि घरी पोचेपर्यंत दहा वर्षांपूर्वीचे अपमान एकेक करून वर आलेले असतात.

नैराश्यातून बऱ्या झालेल्या माणसांसाठी आठ आठवड्यांची एक उपचारपद्धती आहे. माइंडफुलनेस-बेस्ड कॉग्निटिव्ह थेरपी, थोडक्यात एमबीसीटी. तिच्या दुसऱ्या आठवड्यात गटातल्या सगळ्यांना हाच प्रसंग दिला जातो आणि मनात आलेलं पहिलं वाक्य, मग भावना, मग शरीरात काय झालं, असं क्रमानं विचारलं जातं. फळ्यावर बारा माणसांची बारा उत्तरं लिहिली जातात तेव्हा बऱ्याच जणांच्या पहिल्यांदाच लक्षात येतं की दुःख हात न हलवणाऱ्या माणसाकडून आलं नव्हतं, त्यानंतरच्या वाक्यातून आलं होतं.

माइंडफुलनेस म्हणजे सजगता. हा शब्द ऐकला की मंद संगीत, मेणबत्ती, मोबाइलवरचं एखादं अ‍ॅप असं चित्र डोळ्यांसमोर येतं. उपचारात तिच्यावर सोपवलेलं काम बरंच नेमकं आहे: मन घसरायला लागलं की ते घसरत असतानाच आपल्याला दिसावं. खड्ड्यात पोचल्यावर नव्हे, काठावर. मन शांत झालं तर उत्तमच, पण कार्यक्रमाचं यश त्यावर मोजत नाहीत.

उदासी ओसरते, चाकोरी राहते

बैलगाड्या वर्षानुवर्षं एकाच वाटेनं गेल्या की मातीत चाकांचे खोल चर पडतात. पुढची गाडी जरा त्या बाजूला झुकली तरी चाक आपोआप चरात उतरतं. नैराश्याचं काहीसं असंच होतं. आजाराच्या एका मोठ्या फेरीत, जिला डॉक्टर एपिसोड म्हणतात, तीन गोष्टी कित्येक आठवडे एकमेकींना चिकटून राहतात: उतरलेला मूड, जड झालेलं शरीर, आणि स्वतःला दोष देणारे विचार. इतक्या वेळा त्या एकत्र आलेल्या असतात की पुढे एकीला हात लागला की बाकीच्या दोघी ओढल्या जातात.

म्हणून आजार बरा झाल्यावरही एखादी साधी उदासी धोक्याची ठरू शकते. रात्री झोप नीट झाली नाही, वरिष्ठ जरा तोडून बोलले, पावसाळी संध्याकाळी उगीचच भरून आलं. ज्याला नैराश्य कधीच झालेलं नाही, त्याची उदासी उदासीच राहते आणि ओसरते. ज्याला तीन-चारदा होऊन गेलं आहे, त्याच्या मनात तिच्यामागोमाग 'मी असाच', 'काही बदलणार नाही' हे जुनं साहित्य बाहेर येतं. संशोधकांनी हे प्रयोगशाळेतही तपासलं आहे. बऱ्या झालेल्या माणसांना काही मिनिटं निम्म्या वेगानं वाजवलेलं उदास संगीत ऐकवलं, सोबत आयुष्यातला एक दुःखद प्रसंग आठवायला सांगितला. मग 'कामात अपयश आलं म्हणजे माणूस म्हणून मी अपयशी' अशा धर्तीची विधानं किती पटतात ते विचारलं. तेवढ्याशा उदासीनं ज्यांना अशी विधानं जास्त पटू लागली, त्यांच्यात पुढच्या दीड वर्षात आजार परतण्याचं प्रमाण जास्त निघालं.

चरात उतरलेलं चाक खोल नेण्याचं काम रवंथ करते. गाय रवंथ करते तेव्हा चारा पचतो. मन रवंथ करतं तेव्हा काहीच पचत नाही, तोच घास पुन्हा पुन्हा तोंडात येतो. 'मला असं का होतं? माझ्याच बाबतीत का? इतरांना जमतं, मला का नाही?' आणि गंमत अशी की माणूस हे प्रामाणिकपणे, प्रश्न सोडवण्यासाठीच करत असतो. नळ गळत असेल तर आत्ता काय आहे, काय असायला हवं, मधलं अंतर कसं कापायचं, हा हिशोब कामी येतो. विजेच्या बिलाला, प्रवासाच्या आखणीला, मुलांच्या प्रवेशाला कामी येतो. भावनेला तोच हिशोब लावला की 'मी आनंदी असायला हवं, आणि मी तर असा' हे अंतरच दिवसातून शंभरदा मोजलं जातं, आणि प्रत्येक मोजणीनिशी उदासी वाढते. विचार दाबून टाकावेत तर ते दुप्पट जोरानं वर येतात. वाद घालावा तर तीही रवंथच होते.

तिघांनी मांडलेला तर्क

1990च्या दशकात टोरांटोचे झिंडेल सेगल, तेव्हा वेल्समधल्या बँगरला असलेले मार्क विल्यम्स आणि केंब्रिजचे जॉन टीसडेल या प्रश्नाच्या मागे होते. कॉग्निटिव्ह थेरपी, म्हणजे आपले विचार तपासून बघायला शिकवणारा उपचार, घेतलेल्यांचं नैराश्य परतण्याचं प्रमाण कमी असतं, हे माहीत होतं. का, यावरचं रूढ उत्तर असं होतं की थेरपीनं विचारांचा मजकूर बदलतो. या तिघांना वेगळंच वाटलं. विचार कागदावर लिहायचा, त्याच्या बाजूचा आणि विरोधातला पुरावा मांडायचा, हे करता करता माणूस त्या विचारापासून दोन पावलं मागे सरकतो. 'मी नालायक आहे' याऐवजी 'मी नालायक आहे असा विचार आत्ता आला आहे' असं दिसू लागतं. औषध जर ते दोन पावलांचं अंतर असेल, तर थेट अंतरच शिकवायचं.

ते शिकवणारा वर्ग अमेरिकेत आधीच चालू होता. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबाट-झिन 1979 पासून जुनाट दुखण्याच्या रुग्णांना आठ आठवड्यांत सजगता शिकवत होते. तिघांनी तो साचा घेतला आणि त्यात नैराश्याबद्दलचं ज्ञान भरलं.

पहिल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष 2000 साली आले. तीन केंद्रं, 145 माणसं, सगळी त्या वेळी बरी असलेली. ज्यांना आधी तीन किंवा जास्त एपिसोड होऊन गेले होते, त्यांच्यापैकी नेहमीच्या उपचारांवर राहिलेल्या 66 टक्क्यांचा आजार सुमारे वर्षभरात परतला. एमबीसीटी घेतलेल्यांत हे प्रमाण 37 टक्के होतं. दोनच एपिसोड झालेल्यांना मात्र काही फायदा दिसला नाही. पुढच्या एका चाचणीतही तेच आढळलं, आणि या उपचाराबद्दलची सगळ्यात बोलकी गोष्ट हीच आहे. दोनदा आजारी पडलेल्यांचा आजार बहुतेक वेळा मृत्यू, घटस्फोट, नोकरी जाणं अशा मोठ्या आघातानंतर परतत होता. तीन किंवा जास्त वेळा आजारी पडलेल्यांना आघाताची गरजच उरली नव्हती, आतली चाकोरीच पुरेशी खोल होती. सजगता काम करते ती चाकोरीवर. बाहेरून कोसळणारं संकट ती थांबवू शकत नाही.

2016 मध्ये 9 चाचण्यांतल्या 1,258 जणांची माहिती एकत्र करून पाहिली गेली, तेव्हा 60 आठवड्यांत आजार परतण्याचं प्रमाण एमबीसीटी गटात 38 टक्के, इतरांत 49 टक्के आलं. फरक खरा आहे, पण जादू नाही: उपचार घेऊनही शंभरातल्या अडतीस जणांचा आजार परतला. कुणी 'हमखास' म्हणत असेल तर सावध व्हावं.

शब्द पालीतला, पण वर्ग इगतपुरीचा नव्हे

माइंडफुलनेस हा शब्द पाली भाषेतल्या 'सति'साठी 1881 मध्ये र्‍हिस डेव्हिड्स या अभ्यासकानं वापरला. सति म्हणजे संस्कृतातली स्मृती: आठवण ठेवणं, भान न सुटू देणं. विसरल्यावर पुन्हा आठवणं हा अर्थ त्यात आहे, आणि उपचारातल्या सरावाचा गाभाही तोच.

महाराष्ट्रात हा विषय निघाला की विपश्यनेचं नाव येतंच. इगतपुरीच्या धम्मगिरीवर सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेतली दहा दिवसांची शिबिरं 1976 पासून चालतात. नातं आहेच, कबाट-झिन यांच्या कार्यक्रमात विपश्यना, झेन आणि हठयोग तिन्हींचं पाणी आलं आहे. पण दोन्ही गोष्टी एकमेकींच्या जागी वापरू नयेत. शिबिरात पहाटे चारला उठून दिवसाचे दहाएक तास ध्यान असतं आणि बहुतेक काळ मौन. एमबीसीटीत आठवड्याला एकदा दोन-अडीच तासांचा वर्ग असतो, दहा-बारा जणांचा गट, घरी रोज सुमारे पाऊण तास सराव, आणि प्रत्येक सरावानंतर बोलणं. शिबिर ही साधना आहे आणि तिच्या अर्जातच मानसिक आजाराबद्दल विचारतात. नैराश्याचा इतिहास असलेल्यानं 'डोकं शांत होईल' म्हणून थेट दहा दिवसांच्या मौनात जाऊन बसू नये. आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं.

एक बेदाणा, दहा मिनिटं

पहिल्या वर्गाची सुरुवात बेदाण्यानं होते. प्रत्येकाच्या तळहातावर एक. हा पदार्थ जन्मात कधी पाहिला नाही, असं समजून बघायला सांगतात. उजेडासमोर धरला की कडा मधासारखी दिसते, सुरकुत्यांमध्ये काळपट. एका टोकाला देठ तुटल्याचा बारीक खड्डा. कानाशी धरून बोटांत फिरवला तर अगदी हलका चिकट आवाज येतो. मग नाकाशी. मग ओठांपर्यंत न्यायचा, आणि इथे पाहण्यासारखं काही घडतं: बेदाणा जिभेवर जायच्या आधीच तोंडाला पाणी सुटतं, हात नेमका ओठांच्या मधोमध जातो, कुणी सांगावं लागत नाही. मग एक चावा, थांबायचं. गोडी एका बाजूला पसरते, तिच्यामागे आंबटपणा. गिळण्याची इच्छा गिळण्याच्या आधी येते, ती पकडायची.

आपल्याकडे मूठभर बेदाणे टीव्ही बघता बघता संपतात. तळाला बोट लागतं तेव्हा कळतं. हा वर्ग खाण्याचा नाही. त्या आपोआप चालणाऱ्या हाताबद्दलचा आहे. बेदाण्याकडे जाणारा हात जसा न सांगता चालतो, तसंच मन 'मी कुणालाच नको' या वाक्याकडे न सांगता चालतं. हात दिसू शकतो, तर तेही दिसू शकेल.

त्यानंतर दोन आठवडे रोजचा मुख्य सराव म्हणजे शरीरफेरी, इंग्रजीत बॉडी स्कॅन. सतरंजीवर उताणं पडायचं, अंगावर पातळ पांघरूण, आणि ध्वनिफितीच्या साथीनं लक्ष डाव्या पायाच्या बोटांपासून सुरू करून तळवा, घोटा, पोटरी, गुडघा असं वर वर डोक्यापर्यंत न्यायचं. साधारण चाळीस मिनिटं, आठवड्यातून सहा दिवस. प्रत्येक जागी तिथे आत्ता काय जाणवतंय एवढंच बघायचं: ऊब, मुंग्या, कपड्याचा स्पर्श, किंवा काहीच नाही. 'काहीच नाही' हीसुद्धा नोंदच.

याच सरावावर सगळ्यात जास्त तक्रारी येतात. झोप लागते, ही पहिली. दुपारी जेवणानंतर किंवा रात्री अंथरुणातच सराव केला तर लागणारच. वेळ बदलावी, डोळे उघडे ठेवावेत, तरीही लागली तर खुर्चीत बसून करावं. 'अंग ठणकतं आणि लक्ष तिथेच जातं' ही दुसरी. मग लक्ष तिथेच न्यावं, मिनिटभर थांबावं आणि पुढे सरकावं. फार झालं तर कूस बदलावी, फक्त बदलण्याआधी बदलावंसं वाटतंय हे एकदा बघून. तिसरी तक्रार सगळ्यात महत्त्वाची: 'मला जमत नाही, मन सारखं भटकतं.' भटकणं हा सरावातला बिघाड नव्हे. मन भटकतं, भटकल्याचं कळतं, परत आणलं जातं; व्यायाम त्या तिसऱ्या क्षणी घडतो. चाळीस मिनिटांत मन शंभरदा गेलं आणि शंभरदा आणलं, तर तितकी आवर्तनं झाली.

थेरपी होते ती नंतरच्या बोलण्यात

घरी अ‍ॅप लावून सराव करणं आणि उपचार घेणं यात मुख्य फरक इथे आहे. सराव संपल्यावर थेरपिस्ट विचारतो आणि तेच विचारणं कौशल्याचं काम असतं. गटातल्या एखाद्या स्त्रीशी साधारण असं:

"काय लक्षात आलं?"

"काही नाही. मला जमलंच नाही."

"'जमलं नाही' असं कधी वाटायला लागलं?"

"गुडघ्यापाशी. लक्ष ऑफिसात गेलं होतं. मग वाटलं, एवढंसुद्धा होत नाही आपल्याच्यानं."

"तेव्हा शरीरात काही झालं?"

"जबडा आवळला. कंटाळा आला, उठावंसं वाटलं."

"आणि मग?"

"पडून राहिले. मग ध्वनिफितीत मांडी आली, तर मांडीवर गेले."

"हे 'एवढंसुद्धा होत नाही' वाक्य ओळखीचं आहे का?"

इथे बहुधा क्षणभर शांतता पसरते. वाक्य ओळखीचं असतंच. स्वयंपाक बिघडल्यावर, मुलावर ओरडल्यावर, नैराश्याच्या दिवसांत अंथरुणातून उठता न आल्यावर तेच आलेलं असतं. ते वाक्य येतं कुठून, त्यासोबत जबडा कसा आवळतो आणि तरीही मांडीवर जाता येतं, हे तिला कुणी समजावून सांगितलं नाही, तिनं स्वतःच पाहिलं. थेरपिस्टनं 'तुम्ही छान केलंत हो, असं मनाला लावून घेऊ नका' म्हटलं असतं तर ही संधी गेली असती. अननुभवी थेरपिस्ट नेमके तिथेच चुकतात: धीर देतात, उपदेश करतात, किंवा घाईनं अर्थ सांगून मोकळे होतात.

दुसऱ्या आठवड्यात रोज एक सुखद प्रसंग टिपायचा असतो, तिसऱ्यात रोज एक त्रासदायक. रकाने तेच: काय घडलं, शरीरात काय झालं, भावना काय, विचार काय. 'चहा घेतला, बरं वाटलं' एवढ्यावर थांबायचं नाही. 'सकाळी गॅलरीत आल्याचा चहा, कपाच्या उबेनं बोटं सैलावली, घसा जरा भाजला, हायसं, विचार आला की आज कुणाची घाई नाही.' नैराश्यातल्या मनाला दिवस एकरंगी दिसतो. असे सात कागद हातात आले की 'आठवडाभर काहीच चांगलं झालं नाही' हे वाक्य पूर्वीसारखं टिकत नाही.

तीन मिनिटांचा श्वासावकाश

आठ आठवड्यांतून एकच गोष्ट न्यायची म्हटली तर हीच न्यावी. तिसऱ्या आठवड्यात ती शिकवतात. आकार वाळूच्या घड्याळासारखा: वर रुंद, मध्ये निमुळता, खाली पुन्हा रुंद.

पहिलं मिनिट, दखल. पाठ ताठ पण ताणलेली नाही, पाय जमिनीवर. स्वतःला विचारायचं: आत्ता कोणते विचार आहेत? कोणती भावना? शरीरात कुठे काय? उत्तरं शब्दांत द्यायची. 'चिडचिड आहे. छाती घट्ट आहे. उद्याच्या मीटिंगचा विचार आहे.' बदलायचं काही नाही.

दुसरं मिनिट, एकवटणं. सगळं लक्ष श्वासावर, पोटाशी. आत येताना पोट जरा वर, जाताना खाली. श्वास लांबवायचा नाही, मोजायचा नाही. हा प्राणायाम नव्हे.

तिसरं मिनिट, विस्तार. श्वासाभोवती लक्ष पसरवत न्यायचं: पूर्ण शरीर, बसण्याची ढब, चेहऱ्यावरचा भाव. कुठे ताण असेल तर श्वास तिथे जातोय अशा भावनेनं तिथे थोडं थांबायचं.

आधी आठवडाभर दिवसातून तीनदा, ठरलेल्या वेळी. चहा ठेवताना, जेवणाच्या सुट्टीत, लोकलची वाट बघताना. मन ठीक असतानाच. चौथ्या आठवड्यापासून त्रास जाणवला की त्या वेळीही. हा क्रम उलटा केला की पद्धत फसते. बुडायला लागल्यावर पोहायला शिकता येत नाही. दुसरी चूक म्हणजे पहिलं मिनिट गाळून थेट श्वासावर जाणं. मग ती डोकेदुखीची गोळी होते: भावना आली की श्वासामागे लपायचं. काही दिवस गुण येतो आणि मग 'आता यानंही काही होत नाही' अशी निराशा येते, कारण आतून अट तीच होती की ही भावना जायला हवी.

पाचव्या आठवड्यात तर अवघड गोष्ट मुद्दाम मनात आणायला सांगतात. फार मोठी नव्हे, दहापैकी तीन-चार वजनाची. न मिटलेला एखादा वाद पुरतो. प्रसंगाची उलटतपासणी करायची नाही. तो आठवल्यावर शरीरात कुठे काय होतं, घशात गोळा, पोटात पीळ, तिथे लक्ष न्यायचं आणि 'आहे ते आहे, बघू दे' म्हणत थांबायचं. याचं कारण रवंथ शब्दांवर जगते. घशातला गोळा शब्दांत नसतो. तिथे राहिलं की रवंथीला चारा मिळत नाही, आणि संवेदना बघता बघता बदलते, सरकते, कधी वाढते, कधी विरते. सहाव्या आठवड्यात तीच नजर विचारांकडे वळते. विचार खरा की खोटा हे न ठरवता, 'हा आला', 'हा तोच जुना', एवढी नोंद.

सातव्या आठवड्याचा कागद

हा भाग घरच्यांनीही वाचावा असा आहे. दिवसभरातल्या सगळ्या कामांची यादी करायची आणि प्रत्येकापुढे लिहायचं: यानं बळ येतं की जातं? बहुतेकांच्या यादीत बळ देणाऱ्या गोष्टी सगळ्यात आधी कापल्या गेलेल्या असतात. गाणं शिकणं बंद, मैत्रिणीचा फोन बंद, संध्याकाळचं फिरणं बंद, 'आधी कामं उरकू' म्हणून. नैराश्याच्या तोंडावर 'मन लागलं की करीन' चालत नाही. आधी करायचं, मन मागून येतं. आणि काम बारीक करून घ्यायचं. अख्खा ओटा नको, सिंकमधले दोन कप.

मग आपल्या आजाराची स्वतःची चाहूल लिहून काढायची. पहाटे तीन-चारला जाग येणं, फोन वाजत राहू देणं, अंघोळ दुपारवर जाणं, भाजीत मीठ आहे की नाही याचीही फिकीर न उरणं. प्रत्येकाची यादी वेगळी. दोन-तीन खुणा सलग काही दिवस दिसल्या तर काय करायचं, हेही बऱ्या दिवसांतच लिहायचं: आधी श्वासावकाश, मग बळ देणारी एक छोटी गोष्ट, मग कुणाला सांगायचं, आणि कोणत्या टप्प्यावर डॉक्टरांची वेळ घ्यायची. घरातल्या एका माणसाला हा कागद दाखवून ठेवावा. 'कशाला एवढा विचार करतेस' यानं काही होत नाही. 'चल, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ' यानं होतं.

कुणी, केव्हा, कुणाकडे

एमबीसीटी मुख्यतः बऱ्या काळातली आहे. नैराश्य तीव्र असताना एकाग्रता इतकी घटलेली असते की चाळीस मिनिटं डोळे मिटून बसणं म्हणजे रवंथीला मोकळं रान. तेव्हा आधी औषधं, नेहमीची थेरपी. आत्महत्येचे विचार जोरात असताना, उन्माद किंवा भ्रम चालू असताना, दारूचं व्यसन ताब्यात नसताना, घरात नुकताच मृत्यू झाला असताना गटात बसवत नाहीत. म्हणूनच पहिल्या वर्गाआधी एकेकट्याची मुलाखत होते. ती न घेता थेट गटात घेणाऱ्याकडे जाऊ नये.

जुना आघात, मारहाण, लैंगिक अत्याचार सोसलेल्यांना डोळे मिटून शरीराकडे लक्ष नेणं कधी कधी भीतिदायक होतं. धडधड, घुसमट, जुनी दृश्यं वर येतात. नेटानं पुढे रेटणं चूक आहे. डोळे उघडावेत, तळपायांचा जमिनीवरचा दाब जाणावा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मनात घ्यावीत, आणि थेरपिस्टला सांगावं. छातीतला श्वास नको वाटत असेल तर हाताचे तळवे, बाहेरचे आवाज हेही लक्षाचं ठाणं होऊ शकतं. चालता चालता सराव चालतो.

औषधांबद्दल. 2015 साली ब्रिटनमधल्या 424 जणांच्या चाचणीत एका गटाला औषधं चालू ठेवायला सांगितली, दुसऱ्याला एमबीसीटी देऊन डॉक्टरांच्या देखरेखीत औषधं हळूहळू कमी करायला मदत केली. दोन वर्षांत आजार परतला अनुक्रमे 47 आणि 44 टक्क्यांचा. सजगता औषधापेक्षा सरस ठरली नाही. ज्यांना औषध सोडायचं आहे त्यांच्यासाठी एक वाट खुली झाली. 'हळूहळू' आणि 'देखरेखीत' हे दोन्ही शब्द त्यात महत्त्वाचे आहेत. स्वतःच्या मनानं गोळ्या बंद करू नयेत.

सगळ्यांना एकाच मापानं सजगता वाटून द्यावी, हेही बरोबर नाही. ब्रिटनमध्ये 85 शाळांतल्या आठ हजारांवर मुलांना सजगतेचे तास दिले; 2022 मध्ये निष्कर्ष आला की नेहमीच्या तासांपेक्षा त्यांचा अधिक फायदा झाला नाही. बहुतेक मुलांनी घरी सरावच केला नव्हता.

थेरपिस्टला विचारायचे प्रश्न साधे आहेत. या कार्यक्रमाचं प्रशिक्षण कुठे घेतलं? तुम्ही स्वतः रोज सराव करता का? (ज्याला स्वतःचं मन भटकलेलं रोज दिसत नाही, त्याला दुसऱ्याचं विचारता येत नाही.) सरावात त्रास झाला तर दोन वर्गांच्या मध्ये तुमच्याशी संपर्क कसा करायचा? क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असते, ती विचारायला संकोचू नये. आणि घरातल्या कुणाच्या मनात आयुष्य संपवण्याचे विचार असतील तर वर्गाची वाट न बघता टेली-मानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर कोणत्याही वेळी फोन करावा. मराठीतही बोलता येतं.

आठव्या आठवड्यात पुन्हा शरीरफेरी होते. तीच सतरंजी, तीच डाव्या पायाची बोटं, तीच चाळीस मिनिटं. मग प्रत्येकजण पुढे रोज कोणता सराव किती मिनिटं करणार ते लिहितो. पाऊण तास लिहिणाऱ्यांना थेरपिस्ट बहुधा थांबवतो आणि विचारतो, ज्या दिवशी काहीच करावंसं वाटणार नाही, त्या दिवशी किती होईल? तो आकडा लिहा. पुष्कळांच्या कागदावर मग तीन मिनिटं असतात.